पहिल्या डब्याच्या काचेतून

ओखला, नवी दिल्ली
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

अण्णा,

'साष्टांग नमस्कार' लिहिला आणि खोडला. तुम्ही माझा फोन उचलत नाही, स्टुडिओच्या नंबरवरून मला ब्लॉक केलंय, मग नमस्कार घेणार कोण? पत्राचं तसं नसतं. पोस्टमन ते काउंटरवर टाकून जाईल आणि तुम्ही ते न वाचता फेकणार नाही. तुम्ही लाइटचं बिलसुद्धा दोनदा वाचता.

मी बरी आहे. इथं ओखल्यात फोटो छापायच्या एका लॅबमध्ये कामाला लागले. दिवसभर दुसऱ्यांच्या फोटोंचे रंग सारखे करायचे. दोन मुलींबरोबर एका खोलीत राहते. एक बिहारची, एक केरळची. दोघींनाही कंधार कुठं ते माहीत नाही, म्हणून 'नांदेडजवळ' सांगते, आणि नांदेडही माहीत नसलं की गुरुद्वाऱ्याचं सांगते.

मी का गेले ते तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही गावात 'नोकरी लागली म्हणून गेली' असं सांगता म्हणे, तेव्हा एकदा कागदावर असू द्या.

मे महिन्यात भोकरच्या लग्नात भागवतदादाला ऊन लागलं. तो मांडवामागं ओकत पडला होता आणि तिकडं सप्तपदी सुरू झाली. तुम्ही एकटे. मी लाइट धरायला आले होते. लाइट खाली ठेवला, त्याचा कॅमेरा उचलला आणि दोन तास फोटो काढले. नवऱ्याकडच्या कुणी तरी विचारलं, "ही कोण?" तुम्ही म्हणालात, "पोरगी हाय आमची. लाइट धरायला आलीय." मी तेव्हा डोळ्याला कॅमेरा लावूनच उभी होते, अण्णा. तुमच्यापासून चार हातांवर.

अल्बमसाठी तुम्हीच फोटो निवडलेत. त्यातले अर्ध्याहून जास्त माझे निघाले. आणि शेवटच्या पानावर काय टाकायचं ते मला सांगितलंत : छायाचित्रण, व्यंकट व भागवत. काका-पुतण्याची नावं. मी टाइप केलं. माझ्याच बोटांनी. विचारलं तर म्हणालात, "पोरगी लोकांच्या लग्नात स्टेजवर चढती म्हणल्यावर उद्या तुला कोण करून घेईल? कम्प्युटर हाय ना तुला? सावलीतलं काम हाय."

बारावीपासून नऊ वर्षं त्या सावलीत बसले. बाहेर पाटी 'राजकन्या फोटो स्टुडिओ' आणि राजकन्या आत, पडद्यामागं, नवरा-नवरीच्या कडा कापत. पेठवडजच्या मांडवातून त्यांना कापायचं आणि नेटवरून उतरवलेल्या कुठल्या तरी परदेशी शहरापुढं उभं करायचं. मागं उंच इमारती, दिवे, पूल. शेकडो जोडपी मी त्या शहरांत पाठवली. स्वतः नांदेडच्या पुढं गेले नव्हते.

मला लग्नाचे फोटो काढायचे आहेत. स्टेजवर उभं राहून, लोकांदेखत, माझ्या नावानं. एवढंच मागितलं होतं. तुम्ही नाही म्हणालात. मी नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसनं दिल्लीला आले.

आता इथलं ऐका. मेट्रोच्या एका लाइनीवर गाडीला ड्रायव्हर नाही. खोटं वाटेल. गाडी आपली आपण येते, दारं उघडते, लावते, निघते. पूर्वी ड्रायव्हर बसायचा तिथल्या बटणांवर झाकण लावून कुलूप घातलंय आणि पुढं नुसती काच. तिथं उभं राहिलं की शहर अंगावर येतं. कालकाजीपर्यंत गाडी जमिनीखालून जाते. मग चढ लागतो आणि ती एकदम वर, पुलावर निघते. ओखल्याचे कारखाने, गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट, आणि शेवटी यमुना. साडेसातला काम सुटलं की मी त्या गाडीत बसते आणि शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत येते. उतरायचं कुठंच नसतं. फोटो काढायचे असतात.

तीन प्रिंट सोबत पाठवते. कॅमेरा जुनाच आहे, इथं सेकंडहँड घेतला.

राजकन्या


ओखला
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

अण्णा,

तुमचं उत्तर आलं नाही. आईचं आलं, फोनवर. म्हणाली, तुम्ही तिन्ही प्रिंट खिडकीपाशी नेऊन पाहिलेत, भिंग लावून, आणि मग एक शब्द बोललात : "हललाय."

गाडी तासाला साठ-सत्तर किलोमीटरनं पळते आहे, अण्णा. दिवे ओढले जाणारच. मला ते ओढलेलेच हवे होते. तुमच्याकडं हललेला फोटो म्हणजे गेलेला फोटो, हे मला माहीत आहे. म्हणून तुम्ही लग्नच थांबवता. "गुरुजी, जरा थांबा. नवरीबाई, इकडं बघा. हार पुन्हा एकदा घाला." मंगळसूत्र बांधतानासुद्धा तुम्ही नवऱ्याचे हात धरून ठेवता आणि तो बिचारा तुमच्या लेन्सकडं बघत हसतो.

इथं मी कुणाला थांबवणार? ड्रायव्हर असता तर निदान ओरडले असते. समोर एखादी गच्ची येते, गच्चीवर एक म्हातारी बल्बखाली गहू निवडत बसलेली असते, आणि ती दिसली म्हणेपर्यंत मागं पडते. बोट आधीच दाबलेलं पाहिजे. पहिल्या महिन्यात एकही फोटो धड आला नाही. रोज खोलीवर येऊन सगळे पुसत होते. आता मला कळायला लागलंय की वळण आलं की अंग कुठं झुकवायचं, कुठल्या स्टेशनाआधी गाडीचा वेग पडतो, कुठं दोन इमारतींच्या फटीतून बाजार दिसतो. काचेत माझंच तोंड उमटतं, म्हणून काळी ओढणी लेन्सभोवती गुंडाळून काचेला चिकटवते. लोक बघतात. बघू देत.

गेल्या बुधवारी एका बाईनं विचारलं, हे रोज कशासाठी काढतेस, कुठं छापून येतं का? मी म्हटलं, कुठं नाही. ती म्हणाली, मग सरक जरा, मलाही बघू दे. दोघी मिळून यमुना बघितली. तिनं आठ वर्षं त्या गाडीनं ये-जा केली होती आणि पुढं कधी आली नव्हती.

आणि एक गंमत सांगते. इथं मेट्रोचा पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो. म्हणजे ती काच बायकांच्या डब्यात आहे. भागवतदादा इथं आला तर त्याला तिथं उभं राहता येणार नाही. तुम्हालाही नाही. चांगला कॅमेरा, चाळीस वर्षांचा हात, सगळं असलं तरी गार्ड मागच्या डब्यात पाठवेल. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी एकटीच हसत सुटले.

शेवटच्या स्टेशनावर गाडी वळत नाही, तशीच उलटी निघते. मग पुढचं टोक मागं जातं आणि बायकांचा डबाही दुसऱ्या टोकाला. मी ओढणी गळ्यात टाकून पूर्ण प्लॅटफॉर्म पळत जाते. दारं बंद व्हायच्या आत पोहोचते. अजून एकदाही चुकलेली नाही.

आणखी चार प्रिंट पाठवते. चारही हललेले आहेत.

राजकन्या


ओखला
रविवार, १४ डिसेंबर २०२५

अण्णा,

भागवतदादाच्या स्टेटसला तुमचा नवा अल्बम पाहिला. भोकरमधलंच आणखी एक लग्न. पान सोळा.

नवरा-नवरी माझ्या फोटोत उभे आहेत.

कालिंदी कुंजनंतरचा पूल, खाली काळी यमुना, दोन्हीकडं दिव्यांच्या रेघा. माझी प्रिंट स्कॅन केलीत. कोपऱ्यात मी पेनानं नाव आणि तारीख लिहिली होती, तिथं निळा रंग फासून ती झाकलीत. आणि मधोमध ही जोडी. अण्णा, तो फोटो गाडीच्या पुढच्या काचेतून काढलाय. म्हणजे मधोमध काय आहे? रूळ आहेत. तुम्ही नवरा-नवरीला मेट्रोच्या रुळांवर उभं केलंय. नवऱ्याचा मोजडीतला पाय बरोबर लोखंडावर आहे आणि तो हसतोय. तिला तर शेला सावरायला तारेखाली जागाही नाही. माझ्या खोलीतल्या केरळच्या पोरीला दाखवलं. ती म्हणाली, हे घरून पळून आलेत का, की जीव द्यायला चाललेत?

हसले मी. मग रडले. मग पुन्हा पाहिलं तर नवरीच्या कोपरापाशी मांडवाचा लाल पडदा तसाच राहिलाय. कटिंग कुणी केलं? भागवतदादानं? त्याला सांगा, बांगड्यांच्या आतली जागा आधी कापायची, मग हात.

गंमत पुरे. तो फोटो मी ज्या संध्याकाळी काढला त्या दिवशी मला ताप होता. तरी गेले, कारण पाऊस पडून हवा धुतली होती आणि दिल्लीत अशी हवा वर्षातून मोजके दिवस मिळते. दोन महिने ती गाडी पायाखाली ओळखीची झाल्यावर तो फोटो आलाय. तुम्ही म्हणालात 'हललाय'. मग हललेला फोटो अल्बमला कसा चालला? मागं चालतो, नाव झाकून चालतो. मीही तशीच चालत होते.

माझं म्हणणं साधं आहे. ते पान काढा, किंवा त्यावर माझं नाव छापा. तिसरा रस्ता नाही. यापुढं तुम्हाला एकही प्रिंट मिळणार नाही.

आता रागात आहे तर माझंही एक ओझं टाकून देते. पहिल्या पत्रात लिहिलं की कॅमेरा इथं घेतला. खोटं लिहिलं. तो स्टुडिओचा आहे, भागवतदादाच्या हातातला, भोकरच्या लग्नात मी उचललेला. जाताना पिशवीसकट घेऊन आले. आई म्हणाली, तुम्ही भागवतदादाला 'एसटीत विसरलास' म्हणून आठवडाभर बोललात आणि तो गप्प राहिला. मला झोप लागली नाही. परवा त्याला फोन करून माफी मागितली. तर म्हणतो, "मला ठाऊक होतं गं. तू गेलीस त्याच दिवशी पिशवी गायब. काका वरडले, वरडू दिलं. तुझ्यापरीस माझ्यावर वरडलेलं बरं."

चुकलं ते भागवतदादाचं नाव खराब होऊ दिलं, एवढंच. कॅमेरा नेला याचं वाईट वाटत नाही. परत करणार नाही. नऊ वर्षं कटिंग केलं, त्यातलं एवढं माझं समजा.

राजकन्या


ओखला
रविवार, २५ जानेवारी २०२६

अण्णा,

तुम्ही पान काढलं नाही आणि नावही छापलं नाही. पण त्या पानानं एक काम केलं, ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं.

मंगळवारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मी मशिनीवर होते.

"तुम्ही कंधारच्या स्टुडिओच्या राजकन्या का?"

"हाव. कोण?"

"मी उज्वला. रेणापूरची. लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकविते. माझ्या मैत्रिणीच्या अल्बममधी तुमचा फोटो बघितला. ती रुळावर उभी हाय तो."

मला वाटलं, चेष्टा करून राहिली. म्हटलं, "तो मी तसा काढला नव्हता. त्यात माणसं नंतर घातली."

"तेच तर. मी तिला म्हणलं, तू बाजूला हो गं, मला मागचं बघू दे. स्टुडिओला फोन लावला, हे मागचं कुणी काढलं म्हणून. तुमचे भाऊ लई हळू आवाजात बोलले. 'आमच्या राजकन्यानं.' आणि नंबर दिला."

एप्रिलमध्ये तिचं लग्न आहे. रेणापूरलाच. तिला मी हवी आहे. का, ते तिनं सांगितलं : "माझ्या बहिणीच्या लग्नात फोटोग्राफरनं चारदा हार घालाय लावला. चौथ्या बारीला तिच्या तोंडावर काहीच नव्हतं बघा. अल्बममधी तोच फोटो मोठा केलाय. मला थांबवायचं न्हाई कुणी. जे व्हईल ते काढा. जमल?"

मी म्हटलं, थांबवायची मला सवयच राहिली नाही.

मग तिचे वडील फोनवर आले. रामलिंगराव. त्यांचा आवाज ऐकून मला तुमची आठवण आली. "बाई, तुम्ही येकट्या दिल्लीहून येणार? स्टेजवर चढणार? दोन्हीकडचे पाव्हणे असतेत. कुणी काही बोललं तर आमच्यावर यायचं न्हाई." मागून उज्वला म्हणाली, "अप्पा, बोलणाऱ्याचाबी फोटो काढतील त्या." मग तेही हसले आणि हो म्हणाले.

आता तुमच्यासाठीची बातमी. मुलगा कंधार तालुक्यातला आहे. आपल्याकडं नवऱ्याकडचा फोटोग्राफर वेगळा आणि नवरीकडचा वेगळा, आणि दोघांची मधल्या जागेवरून ओढाताण. नवऱ्याकडून कोण येणार म्हणून विचारलं, तर तिनं तुमचं नाव घेतलं. तुम्ही माझे वडील, हे तिला माहीत होतं. मला वाटलं, आता ती माघार घेईल. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा. मला फोटो पायजेत."

तर मी येते आहे. २६ एप्रिलला, रेणापूरला. नवरीकडून.

राजकन्या


ओखला
रविवार, २२ मार्च २०२६

अण्णा,

आईकरवी तुमचे दोन निरोप आले. दोन्हींना उत्तर लिहिते, म्हणजे तिला मध्ये उभं राहायला नको. तिची कंबर आधीच दुखते.

पहिला निरोप : "त्या लग्नाला येऊ नको. चार माणसांत माझी शोभा व्हईल."

कसली शोभा, अण्णा? मी तिथं चोरी करायला येत नाही. तुमचं बोलावणं आहे तसंच माझं बोलावणं आहे. लोक विचारतील, व्यंकटची पोरगी इथं काय करून राहिली? तर त्यांना दिसेलच काय करते आहे. तुम्हाला उत्तर द्यायचीसुद्धा गरज पडणार नाही. मला माहीत आहे, तुम्हाला भीती कशाची आहे. स्टेजवर कुणी तरी मला टाकून बोलेल आणि तुम्हाला ते ऐकावं लागेल. मी नऊ महिने एकटी या शहरात राहते. टाकून बोलणारे रोज भेटतात. तुम्हाला ऐकवत नसेल तर तेवढा वेळ दुसरीकडं बघा.

दुसरा निरोप वाचून, म्हणजे ऐकून, मी जिन्यात बसून राहिले. "घरी ये. झालं गेलं सोडून देतो. नवा कम्प्युटर घेतलाय, मोठ्या स्क्रीनचा."

तुम्ही माझ्यासाठी घेतलाय, हे कळतं. तुम्हाला आता बारीक कडा दिसत नाहीत, हेही आईनं सांगितलं. म्हणून कोपरापाशी पडदा राहिला होता तर. मी भागवतदादाला बोलले. त्यालाही पुन्हा फोन करीन.

पण मी कम्प्युटरपुढं बसायला येणार नाही. दया आली म्हणून नाही, मोठा स्क्रीन आहे म्हणून नाही. कॅमेरा देत असाल तर सांगा, उद्या तिकीट काढते. तो देणार नसाल तर 'ये' म्हणू नका. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या, नांदेडला चांगले डॉक्टर आहेत, मी बरोबर येते, चार दिवस राहते आणि परत जाते. पण सावलीत बसायला नाही.

इथं काल संध्याकाळी पुढच्या काचेतून शंभरावा धड फोटो निघाला. मोजत होते. वळणावर समोरून दुसरी गाडी आली, तिच्याही पुढच्या काचेत कुणी नव्हतं, आणि दोन्ही गाड्यांचे दिवे एकमेकांत मिसळले. पापणी लवायच्या आत. त्याआधी मी बोट दाबलं होतं. मला आता माझ्या बोटावर भरवसा आहे. तुमची परवानगी मिळाली तर बरंच वाटेल, पण तिच्यासाठी हात थांबणार नाही.

रेणापूरला भेटू.

राजकन्या


लातूर बसस्टँड
सोमवार, २७ एप्रिल २०२६

अण्णा,

नांदेडच्या गाडीला अजून तास आहे. तिथून रात्री दिल्ली. काल तुम्ही जेवण न करताच जीप काढून गेलात, म्हणून बोलणं झालं नाही. तुम्ही तिथं होतात तरी सगळं लिहिते. कारण तुम्ही पूर्ण वेळ माझ्याकडं बघितलं नाही, तेव्हा काय काय झालं ते तुम्हाला ठाऊक नसणार.

मी पहाटेच पोहोचले होते. हळदीचे फोटो झाले. उज्वला हळद लावताना आत्याशी भांडत होती, कारण आत्यानं डोळ्यात बोट घातलं. ते भांडण माझ्याकडं आहे. दोघींची तोंडं पिवळी आणि दोघी एकाच वेळी बोलताहेत.

अकराला तुम्ही आलात. पांढरा सदरा, खांद्याला दोन कॅमेरे. मागून भागवतदादा व्हिडिओचा स्टँड घेऊन. त्यानं मला बघून भुवया उडवल्या. तुम्ही स्टँडची उंची बघितलीत, पंखा बघितलात, मांडवाच्या पडद्याचा रंग बघितलात. माझ्यावरून नजर अशी गेली जशी खांबावरून जाते. ठीक. मीही पडद्याचा रंग बघितला. लाल होता. तुम्हाला लाल आवडत नाही, त्वचेवर येतो म्हणता.

पारण्याच्या मिरवणुकीत तुम्ही नवऱ्याला चौकात थांबवून घोड्यावर तीनदा हात वर करायला लावलात. मी तोपर्यंत घोड्याच्या मागं जाऊन वरमाईचा फोटो घेतला. तिची चप्पल गर्दीत हरवली होती आणि ती एका पायावर उभी राहून कुणाला तरी शिव्या देत होती.

मग स्टेज. मुहूर्त बारा पस्तीसचा, एक वाजून गेला होता. मी उजव्या बाजूनं चढले आणि अंतरपाटाच्या समोर, मधल्या जागेवर उभी राहिले. नवऱ्याचे चुलते, शेषेराव, फेटा सावरत पुढं आले.

"ओ बाई, खाली उतरा. बायकांची बसायची जागा तिकडं हाय."

"मी नवरीकडून आलेय, मामा. फोटो काढायला."

"फोटो काढाय माणूस हाय आमचा. हे काय व्यंकटराव. तुम्ही खाली थांबा."

"तुमचे तुमच्याकडून काढतील. माझे माझ्याकडून."

"लई बोलती की." ते तुमच्याकडं वळले. "व्यंकटराव, ही तुमचीच पोरगी ना? सांगा की तिला."

सगळा स्टेज तुमच्याकडं बघत होता. गुरुजीसुद्धा. उज्वला अंतरपाटाच्या कडेनं डोकावत होती. मला वाटलं, आता तुम्ही तेच बोलणार, 'लाइट धरायला आलीय.' पण मी मनाशी ठरवलं होतं की ते वाक्य ऐकूनसुद्धा उतरायचं नाही. कुणी हाताला धरून उतरवलं तरच.

तुम्ही खिशातून रुमाल काढून लेन्स पुसत राहिलात. पुसलेलीच लेन्स पुन्हा पुसलीत.

रामलिंगराव खालून ओरडले, "शेषेराव, मुहूर्त गेला, आता बाई का माणूस काय बघत बसलात? होऊ द्या!" वाजंत्रीवाल्याला वाटलं त्यालाच सांगितलं. त्यानं मध्येच वाजवायला सुरुवात केली, गुरुजी त्याच्यावर ओरडले, आणि त्या गोंधळात शेषेराव अक्षता शोधायला लागले. मंगलाष्टकं सुरू झाली.

अण्णा, त्यानंतर काय होतं ते तुम्ही मला शिकवलेलं नाही, पण मी नऊ वर्षं तुमचे फोटो कापलेत. शेवटच्या 'सावधान'ला अंतरपाट खाली येतो, तुम्ही हात वर करून म्हणता "थांबा", सगळे थांबतात, आणि मग तुम्ही फोटो घेता. त्या वेळी नवरा-नवरी एकमेकांना बघून झालेले असतात. तुमच्या एकाही अल्बममध्ये बघितल्याचा फोटो नाही. बघून झाल्यावरचा आहे.

मी सहाव्या मंगलाष्टकापासूनच श्वास धरला. वळण यायच्या आधी धरते तसा. पडदा हलला तेव्हा बोट दाबलेलं होतं. उज्वलानं आधी त्याच्या मुंडावळ्यांकडं बघितलं, मग त्याच्याकडं, आणि फसकन हसली. तो घाबरला. अक्षता दोघांच्या मध्ये हवेतच होत्या. फोटो हललाय. तांदळाच्या रेघा झाल्यात. तुम्हाला दाखवला तर तुम्ही एकाच शब्दात सांगाल, आणि तो शब्द मला आता लागत नाही.

तुमचा हात वर गेला होता. पण तुमच्यापुढं मी होते. माझी पाठ, माझं डोकं, माझी वेणी. तुम्हाला नवरा-नवरी दिसतच नव्हते. बँड, टाळ्या, फटाके, कुणाचं कुणाला ऐकू येईना. आणि त्यातून तुमचा आवाज आला. आपल्या लोकांना ओरडता तसा नाही. लग्नात दुसऱ्या गावचा, दुसऱ्या स्टुडिओचा माणूस मधल्या जागेवर अडून बसला की त्याला घालता तशी हाक.

"ओ फोटोग्राफर! जरा डाव्या अंगाला सरका!"

भागवतदादाच्या व्हिडिओत तो आवाज आला असणार. शेषेराव तुमच्याकडं बघतच राहिले. गुरुजींनी अक्षतांची मूठ तशीच धरली. तुम्ही स्वतःही चपापलात का, मला माहीत नाही, कारण मी वळले नाही.

वळले नाही, आणि सरकलेही नाही. पुढचे तीन फोटो तिथूनच काढले.

माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही सरकला नसतात.

राजकन्या